रांजणगावची गाडी, भीमाकाठचा रस्ता
स्पोर्टी मोटारीचे सस्पेन्शन सुधारताना काय करावे, काय टाळावे

शिरूर तालुक्यातील रांजणगाव म्हटले की प्रथम महागणपती आठवतो, मग औद्योगिक वसाहत. याच वसाहतीतील फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये 'अबार्थ पुंटो' ही मोटार बाजारात आली. १४५ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, कडक सस्पेन्शन आणि जमिनीपासून अवघी १५५ मिलिमीटर उंची. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेल्या या नाममुद्रेचे चिन्ह विंचू आहे. तो विंचू मिरवणारी ही लहानशी गाडी वेगाची आवड असणाऱ्या तरुणांच्या मनात भरली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू होण्यापूर्वीच पुंटो आणि तिची सेदान बहीण लिनिया यांचे उत्पादन थांबले. मात्र रस्त्यावर या गाड्या अद्याप दिसतात आणि हौशी मंडळी त्या जुन्या बाजारातून आवर्जून घेतात.

अशी गाडी हाती आली की पहिला विचार सस्पेन्शनचा येतो. कोणी ती आणखी खाली बसवू पाहतो, कोणी स्प्रिंगा कडक करू पाहतो, तर गतिरोधकावर दोनदा पोट घासल्यानंतर कोणी ती उंच करण्याच्या मागे लागतो. या तिन्ही इच्छांत एक गोष्ट समान असते. गाडीच्या उंचीचा आणि कडकपणाचा विचार होतो, टायर रस्त्यावर किती वेळ टेकून राहतो याचा होत नाही. वास्तविक सस्पेन्शनचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते.

सस्पेन्शनचे खरे काम

मोटार वळते, थांबते आणि वेग घेते ती चार टायरांच्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या पट्ट्यांच्या बळावर. पट्टी जमिनीवरून उचलली गेली किंवा तिच्यावरील भार सतत कमीजास्त होत राहिला, तर पकड सुटते. स्प्रिंग गाडीचे वजन तोलते आणि खड्डा-उंचवट्यावर चाकाला वरखाली होण्यास वाव देते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील शॉकअप, त्या स्प्रिंगची उसळी शमवतो. अँटी-रोल बार वळणावर गाडीचे कलणे आवरतो. रबरी बुश आणि लोअर आर्म हे भाग चाकाला योग्य कोनात धरून ठेवतात. यांपैकी एकाचा स्वभाव बदलला की उरलेल्यांशी असलेला त्याचा मेळ बिघडतो. म्हणूनच सस्पेन्शन 'बदलावे' असे न म्हणता 'जुळवावे' असे म्हणणे अधिक योग्य.

पुंटोसारख्या बहुतेक लहान मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम अशी रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी स्ट्रटची पद्धत १९५० च्या दशकारंभी फोर्डच्या गाड्यांतून रूढ झाली. ती स्वस्त, आटोपशीर आणि दुरुस्तीस सोपी आहे. मात्र गाडी फार खाली बसवली की तिचे गुण झपाट्याने कमी होतात. त्याचे कारण पुढे येईल.

इथले रस्ते काय मागतात?

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके दोन मोठ्या महामार्गांवर आहेत. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्ता जातो, तर दौंड तालुक्यातील यवत, चौफुला, पाटस आणि कुरकुंभ ही गावे पुणे-सोलापूर महामार्गावर येतात. या दोहोंना जोडणारा शिरूर-न्हावरा-चौफुला रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो. अष्टविनायक यात्रेला निघालेली पुण्या-मुंबईची कुटुंबे दौंडमार्गे सिद्धटेकला आणि तेथून रांजणगावला जातात ती याच परिसरातून. गाडीत चार-पाच माणसे आणि डिकीत सामान घेऊनच.

महामार्गावर वेग असतो. तेथे लांब वळणावर आणि मार्गिका बदलताना गाडी स्थिर राहावी लागते. आतल्या रस्त्यांवर वेगळीच परीक्षा असते. भीमेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरील डांबरी रस्ता कालांतराने लाटांसारखा वरखाली होतो. अशा लाटेवर शॉकअप अशक्त असेल तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलींनी चाकोऱ्या पडतात आणि साइडपट्टी खचते. समोरून ट्रॉली आली की एका बाजूची चाके डांबराखाली उतरवावी लागतात. त्या क्षणी गाडीचे पोट किती उंच आहे आणि चाकाला खाली जाण्यास किती वाव आहे, हेच महत्त्वाचे ठरते.

मग गतिरोधक येतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी ९९' या मार्गदर्शिकेनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पुंटोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर आहे. गतिरोधकाचा माथा बरोबर मध्ये आला तरी चारही चाके त्याच्याच उतारावर असतात. त्यामुळे माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त साडेचार ते पाच सेंटिमीटर वर येतो. म्हणजे नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकावर १५५ मिलिमीटर उंचीची रिकामी गाडी आरामात पार होते. याउलट गावोगावी घातलेला अरुंद, उभट उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये आला की त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. गाडी घासते ती बहुधा अशा ठिकाणी.

आता गाडी भरून पाहू. चार माणसे आणि सामान मिळून ३२० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सरासरी ८० किलो वाढतात. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी मिलिमीटरला दोन किलो असेल, तर गाडी ४० मिलिमीटर बसते. १५५ चे ११५ उरतात. अशी गाडी हौसेने आणखी ३० मिलिमीटर खाली आणलेली असेल, तर ८५ उरतात. मग १० सेंटिमीटरच्या अरुंद उंचवट्यावर ती घासणारच. नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकावरही चार सेंटिमीटरच मोकळे राहतात. त्यावर ब्रेक मारताच नाक खाली जाते आणि तेही संपतात. या परिसरात गाडी खाली बसवणे का परवडत नाही, याचे उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

आधी मूळ स्थितीत आणा

जुनी गाडी घेऊन थेट नवे महागडे भाग बसवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे बुश चिरलेले, स्ट्रट माउंट बसलेले, लिंक रॉड खडखडणारे आणि शॉकअप थकलेले असण्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी मूळ स्थितीत कशी चालत होती, हे नव्या मालकाने कधी अनुभवलेलेच नसते. मग कशात सुधारणा करायची, हे तो कसे ठरवणार?

म्हणून आरंभ तपासणीपासून करावा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसतो का, पाहावे. गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीन वेळा हलली तर शॉकअप संपला आहे. ही चाचणी मात्र ढोबळ आहे. तीत उत्तीर्ण झालेला शॉकअपही रस्त्यावर कमी पडू शकतो. टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील, तर चाक उड्या मारत होते असे समजावे. गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि बुश यांतील ढिलाई पाहावी. शॉकअप नेहमी एका धुऱ्याचे दोन्ही बदलावेत. शेवटी टायरांतील हवा थंड असताना, गाडीवरील तक्त्याप्रमाणे भरून व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. एवढ्यानेच अनेकांची 'सस्पेन्शन अपग्रेड'ची गरज संपते.

स्प्रिंगचा हिशेब

त्यानंतरही गाडी अधिक चपळ हवी असेल, तर स्प्रिंगकडे वळावे. पुढच्या एका चाकावर गाडीच्या अंगाचे ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला दोन किलोची आहे असे धरू. ती १५० मिलिमीटर दबून स्थिर होते आणि गाडीचे अंग सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलू पाहते. स्प्रिंग तीन किलोची केली की ती १०० मिलिमीटरच दबते आणि झुलण्याची गती सुमारे १.६ वर जाते. घरगुती मोटारी साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असतात आणि रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या १.५ ते २ च्या दरम्यान. त्यापुढचे आकडे सपाट धावपट्टीवरच्या शर्यतीच्या मोटारींसाठी आहेत. चेन्नई, कोईमतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या धावपट्टीवर जे जुळते, ते न्हावऱ्याच्या रस्त्यावर टायर हवेत उडवते. टायर हवेत असताना ब्रेक कितीही चांगले असले तरी निरुपयोगी ठरतात.

या हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. स्प्रिंग थोडी कडक केली आणि गाडीची मूळ उंची कायम ठेवली, तर भरलेली गाडी कमी बसते. वरच्या उदाहरणातील ८० किलोने दोन किलोची स्प्रिंग ४० मिलिमीटर दबते, तर तीन किलोची २७. ब्रेक मारल्यावरचे नाक वाकणेही कमी होते. त्यामुळे शिरूर-दौंडसारख्या भागात वीस-तीस टक्के अधिक कडक, पण मूळ उंचीची स्प्रिंग हा सर्वांत समंजस पर्याय होय. दिसायला गाडी तशीच राहते, चालायला बदलते.

स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली करणे मात्र कटाक्षाने टाळावे. सहा कार्यक्षम वेढ्यांची स्प्रिंग एका वेढ्याने कापली की ती वीस टक्के कडक होते, पण तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण खाली गेले की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. वेल्डिंगच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणे तर त्याहून घातक. पोलादाचा पीळ त्या जागी मरतो आणि स्प्रिंग पुढे अवचित तुटते.

शॉकअप: पैसा येथे खर्च करावा

गाडीच्या वागण्यात सर्वाधिक फरक पाडणारा भाग शॉकअप आहे. त्याची कामे दोन. चाक वर येताना तो दाब रोखतो आणि स्प्रिंग उलगडताना उसळी रोखतो. दाबाकडचा विरोध फार वाढवला तर प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. उसळीकडचा विरोध फार वाढवला तर एकामागून एक येणाऱ्या खड्ड्यांत चाकाला पुन्हा खाली यायला वेळ मिळत नाही. गाडी हळूहळू खाली ओढली जाते आणि अखेर बंप स्टॉपच्या रबरावर आपटते. उलट विरोध कमी पडला तर काळ्या मातीवरच्या लाटांत गाडी डोलत राहते.

स्प्रिंग आणि शॉकअप यांचे प्रमाण गणिती आहे. स्प्रिंग तीस टक्के कडक केली तर पूर्वीइतकाच आवर राखण्यासाठी शॉकअपचा विरोध सुमारे चौदा टक्के वाढायला हवा. मूळ शॉकअप नवा असेल तर एवढा फरक तो कसाबसा सांभाळतो. जुना असेल तर नवी स्प्रिंग त्याला लवकर संपवते. म्हणून या दोन्ही वस्तू एकाच उत्पादकाच्या, एकमेकींसाठी बनवलेल्या जोडीने घेणे श्रेयस्कर.

दोन नळ्यांचा साधा शॉकअप स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण खराब रस्त्यावर सलग धावताना त्यातील तेल तापते, फेसाळते आणि त्याचा जोर ओसरतो. एका नळीच्या, उच्च दाबाच्या नायट्रोजनयुक्त शॉकअपमध्ये हा दोष कमी असतो. काहींमध्ये विरोध कमीजास्त करण्याची चकती असते. ती उपयुक्त खरी, पण पहिल्याच दिवशी सर्वांत कडक खुणेवर नेण्यासाठी नव्हे.

कडकपणा आणि आराम यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न वाहन उत्पादकही करीत असतात. २०१७ मध्ये रांजणगावच्याच कारखान्यातून आलेल्या जीप कंपासमध्ये नेदरलँड्सच्या कोनी कंपनीच्या तंत्राचे शॉकअप वापरले गेले. गाडीचे अंग सावकाश झुलते तेव्हा ते कडक राहतात आणि रस्त्याच्या बारीक, जलद थरथरीला ते मऊ होतात. शॉकअपचे मोल 'कडक की मऊ' या दोन शब्दांत मावत नाही, हे यावरून दिसते.

गाडी खाली बसवली की काय होते?

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म मूळ उंचीवर साधारण आडवा असतो. गाडी फार खाली आणली की त्याचे चाकाकडचे टोक वर उचलले जाते. मग वळणावर बाहेरचे चाक जसजसे दबते, तसतसे ते आतल्या अंगाला झुकण्याऐवजी बाहेर झुकू लागते आणि टायर कडेवर चालतो. गाडीचा गुरुत्वमध्य तीस मिलिमीटर खाली येतो हे खरे, पण ज्या बिंदूभोवती ती कलते तो बिंदू त्याहून अधिक खाली जातो. परिणामी गाडी खाली बसूनही अधिक कलू पाहते. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलल्याने उंचवट्यावर चाके आपोआप थोडी वळतात. चाकाचा वर जाण्याचा वाव घटून बंप स्टॉप लवकर लागतो. डोळ्याला वेगवान दिसणारी गाडी प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा कमी पकड धरते.

बार, बुश आणि चाकांचे कोन

आराम फारसा न गमावता कलणे कमी करायचे असेल, तर अँटी-रोल बार हा चांगला मार्ग आहे. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा भरीव बार २२ चा केला तर तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. पुढची चाके ओढणारी गाडी वळणावर बाहेर सरकू पाहते. पुढचा बार वाढवल्यास ही खोड वाढते, मागच्या बाजूचा कडकपणा थोडा वाढवल्यास कमी होते. मात्र मागे अतिरेक झाला तर ओल्या रस्त्यावर शेपूट सुटते आणि ते आवरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. खचलेल्या साइडपट्टीवर एकच चाक खाली गेले असता जाड बार दुसऱ्या चाकालाही ओढतो, हेही विसरू नये.

रबरी बुशच्या जागी पॉलियुरेथेनचे बुश बसवल्यास स्टिअरिंगला नेमकेपणा येतो, पण थरथर आणि आवाज वाढतो. रोज वापराच्या गाडीत नवे, मूळ दर्जाचे रबरी बुश बहुधा पुरेसे असतात.

चाकांचे कोन जुळवण्यास खर्च सर्वांत कमी आणि लाभ पुष्कळ. कॅम्बर, म्हणजे चाकाचे आत-बाहेर झुकणे, थोडे आतल्या बाजूस असेल तर वळणावर पकड वाढते. अतिरेकाने टायर आतून झिजतो. टो, म्हणजे चाकांची तोंडे एकमेकांकडे किंवा विरुद्ध असणे, यात दोन-तीन मिलिमीटरचा फरकही सरळ रस्त्यावरची स्थिरता आणि टायरचे आयुष्य बदलतो. उंचीत कोणताही बदल केल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी दोन्ही पुन्हा जुळवणे अनिवार्य आहे. नाक वर झालेल्या गाडीचे दिवे समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपवतात.

जुळवणीची रीत

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. तारीख, किलोमीटर, टायरमधील हवा, शॉकअपची खूण आणि चारही चाकांच्या कमानीपर्यंतची उंची लिहून ठेवावी. चाचणीसाठी वर्दळ नसलेल्या वेळी एकच ठरलेला, ओळखीचा रस्ता निवडावा आणि वेग मर्यादेतच ठेवावा. सस्पेन्शनचे दोष ताशी चाळीस-पन्नासच्या वेगातही स्पष्ट कळतात. शॉकअप मऊ खुणेपासून सुरू करून एकेक पायरी वाढवावा. लाटेनंतर गाडी एका झोक्यात स्थिर झाली की थांबावे. बारीक खड्ड्यांत स्टिअरिंग थरथरू लागले की एक पायरी मागे यावे. एक चाचणी रिकाम्या गाडीने आणि एक चौघांना बसवून करावी. दोन्हींत जी खूण निभावते, ती आपल्या गाडीची खूण.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्यात अननुज्ञेय बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी मूळ दर्जाचा भाग बसवणे ही दुरुस्ती होय. उंची, चाकांचा आकार किंवा रचना बदलणे हा वेगळा विषय आहे. त्याबाबत आधी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. शिरूरच्या वाहनांसाठी पुण्याचे (एमएच-१२), तर दौंडच्या वाहनांसाठी बारामतीचे (एमएच-४२) कार्यालय आहे. अपघातानंतर विम्याचा दावा करताना अघोषित बदल अडचणीचा ठरू शकतो.

वाहनांची अधिकृत तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या दोन संस्था शिरूरच्या दोन्ही अंगांना आहेत. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीला अशा संस्थांच्या चाचण्यांतून जावे लागते. गॅरेजमध्ये दुपारभरात बदललेल्या सस्पेन्शनची तशी परीक्षा कोणी घेत नाही. ती रस्ताच घेतो. एखाद्या सायंकाळी न्हावऱ्याच्या पुढे उसाची ट्रॉली अचानक आडवी येते, गाडीत घरची चार माणसे असतात, एक चाक साइडपट्टीखाली उतरलेले असते आणि ब्रेकवर पाय गेलेला असतो. त्या क्षणी चारही टायर जमिनीला धरून राहिले, तर सस्पेन्शनवर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.